कायद्यातली लागवड आणि डोंगरावरची गुरे

भारतीय वन अधिनियम, १९२७ याचे ७० वे कलम सहसा कोणी मुद्दाम उघडून वाचत नाही. कलम छोटे आहे. आशय असा, की राखीव जंगलात, किंवा संरक्षित जंगलाच्या चराईसाठी बंद केलेल्या भागात शिरलेली गुरे ही १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याच्या अर्थाने ‘सार्वजनिक लागवडीचे नुकसान करणारी’ समजली जातील. यातला महत्त्वाचा शब्द ‘समजली जातील’ हा. तिथे कोणी रोप लावले आहे का, गुरांनी ते खाल्ले का, हा प्रश्नच उरत नाही. डोंगर उघडाबोडका असो, नुसत्या कुसळीने भरलेला असो, कायद्याच्या लेखी ती लागवड आणि गाय तिची गुन्हेगार. तिला कोंडवाड्यात घालता येते आणि दंड भरल्याशिवाय सोडवता येत नाही.

आपल्याकडच्या डोंगरांवर खरीखुरी लागवड मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती गेल्या पन्नासेक वर्षांत. म्हणजे कायद्यातली लागवड आधी आली आणि झाडे नंतर. मधल्या काळात गुरांचे, गुराख्यांचे आणि गवताचे काय झाले, याचा माग मी काही वर्षे औरंगाबाद जिल्ह्यात आणि आसपास काढत आहे. (जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या कागदांविषयी बोलताना मी जुने नाव वापरतो, कारण कागदात तेच आहे.) हा इतिहास लढायांचा नाही, वास्तूंचाही नाही. वेरूळ-अजिंठ्याच्या जिल्ह्यात गवताचा इतिहास कोण वाचणार, असे मला अनेकांनी विचारले. पण लेण्यांच्या डोक्यावरच्या डोंगरात कोणाची शेळी चरते आणि कोणाची चरू दिली जात नाही, या प्रश्नावर आजही गावे भांडतात, आणि त्या भांडणाचे मूळ जुन्या कागदांतच आहे.

कुरण, रमणा आणि वनचराई

गवतावर सत्तेचा हक्क ही गोष्ट इंग्रजांनी आणली, असे सरसकट म्हणता येणार नाही. ज्याच्याकडे घोडदळ त्याला गवत लागणारच. पेशवाईत सरकारी कुरणे होती, त्यांची राखण होती, कापलेल्या गवताच्या गंजींचा हिशेब होता. शिकारीसाठी किंवा पागेसाठी राखलेल्या रानाला ‘रमणा’ म्हणत. जंगलात गुरे चारण्याबद्दल द्यायच्या कराला ‘वनचराई’ हा शब्द होता. मेंढपट्टी, म्हैसपट्टी या नावांवरून तर कर कशावर होता हे वेगळे सांगायला नको.

मात्र त्या व्यवस्थेत आणि पुढच्या व्यवस्थेत एक फरक आहे. कुरण म्हणजे राखलेला तुकडा. बाकीचे रान मोकळे. कर भरला की जनावर आत, आणि कर जनावरावर होता, रानात पाऊल टाकण्याच्या अपराधावर नव्हता.

औरंगाबादच्या बाबतीत आणखी एक घटक विसरता येत नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे मुघलांच्या दख्खनी कारभाराचे केंद्र झाले. एवढ्या फौजांना धान्य पुरवायचे ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांनी. बैलाच्या पाठीवरून होणाऱ्या वाहतुकीचे इंधन म्हणजे वाटेवरचे गवत आणि पाणी. बंजारा समाजाच्या परंपरेत भंगी आणि झंगी या दोन नायकांची हकीकत सांगितली जाते. शहाजहानचा वजीर असफखान दक्षिणेत विजापुरावर आला तेव्हा त्यांच्याकडे एक लाख ऐंशी हजार बैल होते, आणि त्यांना गवत-पाण्याच्या हक्काची सनद सोनेरी अक्षरांत ताम्रपटावर लिहून मिळाली, अशी ती कथा. बैलांचा आकडा परंपरेचा आहे, तो तसाच घ्यावा. पण फौजेला धान्य पोहोचवणाऱ्या समाजाने आपल्या स्मृतीत जपून ठेवली ती सनद जमिनीची नाही, गवताची आहे. कन्नड-सोयगावकडच्या तांड्यांमध्ये हिंडताना ही गोष्ट माझ्या मनात सतत असते. रेल्वे आली, बैलांची वाहतूक गेली, तांडे डोंगराच्या कडेला स्थिरावले. त्यांच्याकडची गुरे मात्र त्याच डोंगरात चरत राहिली.

इंग्रजी मुलुखात दार बंद झाले

१८६५ आणि त्यानंतर १८७८ च्या वन कायद्याने मुंबई इलाख्यात आणि इतरत्र राखीव जंगले आखली गेली. ‘हक्क’ आणि ‘सवलत’ हे दोन शब्द यात वेगळे झाले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चराई ही बहुतेक ठिकाणी सवलत ठरली. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

याविरुद्ध मराठीतला सर्वांत परखड आवाज महात्मा फुल्यांचा. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगल खात्यावर नेमका हाच आरोप केला. लहान शेतकऱ्याला शेतीतून पोट भरत नसे तेव्हा तो रानातला पाला, फुले, फळे आणि गायरानावरची दोनचार जनावरे यांवर तग धरी. डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगल खात्यात घातल्यावर हा आधारच गेला, असे त्यांचे म्हणणे. फुल्यांनी हा मुद्दा निसर्गप्रेमाच्या अंगाने मांडला नाही, कुणब्याच्या घरखर्चाच्या अंगाने मांडला. ‘असूड’चे पहिले भाग ‘दीनबंधू’त छापून आले आणि पुढचे छापणे थांबले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तक्रारी एवढ्या वाढल्या की सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतला असंतोष हे त्याचे मुख्य कारण. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. पाठोपाठ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे शेती-रसायनशास्त्रज्ञ १८८९ मध्ये भारतात आले. १८९३ च्या अहवालात त्यांनी सांगितले, की जंगल खात्याने फक्त इमारती लाकडाकडे पाहू नये, शेतीसाठी सरपण आणि वैरणीची राखीव राने तयार करावीत. १८९४ च्या वन धोरणात जंगलांचे चार वर्ग केले गेले आणि चौथा वर्ग चक्क कुरणांचा होता. कागदावर गवताला जागा मिळाली.

प्रत्यक्षात ती जागा दुष्काळातच दिसे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत बंद जंगले गुरांसाठी उघडली गेली आणि सरकारी गवत कापून पाठवले गेले. म्हणजे जंगल ही वैरणीची पेढी आहे हे सरकारला ठाऊक होते. फक्त पेढीची किल्ली कोणाकडे, हा वाद होता. १९३० मध्ये तो रस्त्यावर आला. पुसदला १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी जंगलाचा कायदा मोडला तो राखीव जंगलातले गवत कापून. समुद्रावर मीठ, तसे डोंगरावर गवत. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रायगडातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि माणसे मेली.

निजामाच्या राज्यात: बंचराई

औरंगाबाद मात्र इंग्रजी मुलुखात नव्हते. त्यामुळे मराठवाड्याचा हा इतिहास पुण्या-मुंबईच्या ग्रंथांतून उचलता येत नाही. हैदराबाद संस्थानाचे जंगल खाते वेगळे, कायदे वेगळे, दप्तराची भाषा उर्दू आणि सालाची गणना फसली. (फसली सालात ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन येते.) संस्थानाचा शेवटचा महत्त्वाचा जंगल कायदा फसली १३५५ चा, म्हणजे साधारण १९४५ चा.

या दप्तरात भेटणारा शब्द म्हणजे ‘बंचराई’. आपल्याच ‘वनचराई’चे हे रूप. जनावरामागे ठरावीक रक्कम, वर्षाची पावती, आणि पावती नसेल तर जनावर अडवून ठेवणे. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात हैदराबाद राज्यातल्या आदिवासींचा अभ्यास केला, त्यातही बंचराईच्या जाचाचा उल्लेख येतो. आदिलाबादच्या गोंडांच्या तक्रारीत हा कर होता, आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात मारल्या गेलेल्या कोमरम भीमच्या बंडामागच्या कारणांतही. आपल्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. आज नांदेड जिल्ह्यात असलेले किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४७-४८ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने जे कार्यक्रम दिले त्यांत शिंदीची झाडे तोडणे आणि जंगल सत्याग्रह हे दोन्ही होते. शिंदीवर सरकारचा अबकारी महसूल, जंगलावर बंचराई आणि इतर महसूल. दोन्ही ठिकाणी झाड हे सरकारच्या तिजोरीचे रूप होते. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत शिंदीची झाडे पुष्कळ येतात, जंगलाचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. गुराखी आठवणी लिहीत नाहीत, हे त्याचे साधे कारण असावे.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर जहागिरी गेल्या, नव्याने जमिनीची नोंद झाली. मराठवाड्यात काम करणाऱ्या कोणालाही १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक टाळता येत नाही. त्यात गायरान, जंगल, पडीक, खारीज खाता अशा नोंदी असतात. जमिनीचा तुकडा कोणाच्या नावे ते कळते. त्यावर कोणाची गुरे चरत होती ते मात्र कळत नाही. जमिनीच्या दप्तरात चराई ही नोंदीची बाबच नाही, ती असते महसुलाच्या पावतीत. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

गुरे जे खात नाहीत ते उरते

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्या सुमारास १९२७ चा वन अधिनियम इकडेही लागू झाला आणि त्याबरोबर ते ७० वे कलमही. १९५२ च्या राष्ट्रीय वन धोरणाने चराईकडे जंगलाचा शत्रू म्हणूनच पाहिले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून डोंगरांवर चर खणले जाऊ लागले. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निघाले, अमेरिकी मदतीचा प्रकल्पही त्याच वर्षीचा. आता गायरानावर खरी लागवड आली.

इथे वनस्पतिशास्त्र आणि इतिहास एकमेकांत मिसळतात. कमी पावसाच्या, मोकाट गुरांच्या मुलुखात रोप जगवायचे तर तीन वाटा. कुंपण घाला, राखणदार ठेवा, किंवा गुरे तोंड लावणार नाहीत असे झाड लावा. पहिल्या दोन वाटांना दरवर्षी पैसा लागतो. तिसरी एकदाच रोप निवडून भागते. म्हणून निलगिरी आली. म्हणून गिरिपुष्प आले, ज्याच्या पाल्याच्या वासाला आपली गुरे सहसा नाक मुरडतात. (मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड इतर देशांत वैरणीसाठीही वापरतात. सवय लागली की शेळ्या खातात.) याउलट सुबाभूळ हे वैरणीचे झाड म्हणून उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ने लोकप्रिय केले. ते शेळीला इतके आवडते, की राखणीशिवाय रोपाला पालाच राहत नाही. वैरणीची सर्वाधिक गरज असलेल्या गावांत वैरणीचे झाड लावणे सर्वांत अवघड, असा हा पेच.

आणि ही निवड फक्त खाते करत नव्हते. शतकानुशतके गुरेही करत होती. दौलताबादच्या किल्ल्याभोवती, खुलताबादच्या उतारांवर सीताफळीची झुडपे दिसतात. दौलताबादच्या सीताफळाचे आपण कौतुक करतो. पण अमेरिकेतून आलेले हे झाड या डोंगरांवर राखणीशिवाय माजले, कारण त्याच्या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. तरवड, रुई, निवडुंग, घाणेरी, वेडी बाभूळ या सगळ्यांची कथा कमीअधिक फरकाने हीच. अंजनाचे उलट. अजिंठ्याच्या डोंगररांगेत आणि खानदेशाच्या बाजूला अंजनाची राने आहेत. त्याचा पाला गुरांना आवडतो, दुष्काळात फांद्या छाटून गुरांपुढे टाकतात. त्यामुळे मोठी झाडे टिकलेली दिसतात, पण त्यांच्याखाली तरणी रोपे शोधावी लागतात.

गवतातही हाच क्रम. शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी ही चांगली गवते आधी खाल्ली जातात. अति चराईच्या माळावर अखेर कुसळी उरते, जी पावसाळ्याच्या सुरुवातीला बरी आणि कुसळे धरल्यावर जनावराच्या तोंडाला बोचणारी. तेव्हा गुरांमुळे डोंगराचे नुकसान होतच नाही, असे मी म्हणत नाही. होते. माझे म्हणणे इतकेच, की आजचा डोंगर हा गुरांनी आणि जंगल खात्याने मिळून घडवला आहे, आणि दोघांच्या भांडणात जे दोघांनाही नको होते तेच जास्त उरले.

गायरानाचे तीन दावेदार

गायरान म्हणजे गायीचे रान, असे नावातच आहे. पण मराठवाड्यात गायरानाचा दुसरा दावेदार आहे आणि त्याला वगळून हा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांना जमीनच नव्हती अशा दलित आणि भूमिहीन कुटुंबांनी पोटासाठी गायराने वहिती केली. त्यामागे १९५३ चा मराठवाड्यातला भूमिहीनांचा सत्याग्रह आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचा १९६४ चा देशव्यापी सत्याग्रह आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याची वाट काढली. यातली कित्येक प्रकरणे अजून तालुक्याच्या कचेरीत पडून आहेत.

गावात जेव्हा ‘गुरांनी कुठे जायचे?’ असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा विचारणाऱ्याकडे बहुधा शेत आणि गोठा दोन्ही असते. ज्याच्याकडे फक्त चार शेळ्या आहेत आणि ज्याने गायरानात दोन एकर ज्वारी केली आहे, तो कधीकधी एकच माणूस असतो. गुरांच्या नावाने त्याला हाकलले जाते आणि झाडांच्या नावानेही.

तिसरा दावेदार खुद्द सरकार. २०११ च्या २८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी १२ जुलैला राज्याने गायरानाबाबत निर्णय काढला. त्यानंतरच्या वर्षांत वृक्षलागवडीच्या मोहिमा आल्या, २०१९ चे लक्ष्य तर ३३ कोटी रोपांचे होते. एवढे खड्डे खणायला जागा लागते, आणि सरकारला हाताशी असलेली मोकळी जमीन म्हणजे डोंगर नि गायराने. २०२३ पासून सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यासाठीही गायराने दिली जात आहेत. ‘पडीक’ हा शब्द वहीत लिहिला की तिथे चरणारी गुरे दिसेनाशी होतात.

बंदी कोणाची, किती दिवसांची

चराईबंदी ही गोष्ट मुळातच वाईट आहे का? माझे उत्तर नाही असे आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. डोंगर बंद झाला, पण गवत बंद झाले नाही. ठरावीक रक्कम भरून गवत कापून न्यायचे, जनावर गोठ्यात. गावचे दूध कित्येक पटींनी वाढले. जालन्याजवळच्या कडवंचीतही पाणलोटाच्या कामाने गावाचा कायापालट झाला. या गावांत बंदी ग्रामसभेने किंवा गावाच्या समितीने केली, आणि तिच्या बदल्यात काय मिळणार ते आधी ठरले होते.

पण या यशोगाथा सांगताना एक बाजू गाळली जाते. गोठ्यात गवत आणून गाय पाळायला घरात माणूस लागतो, संकरित गाय घ्यायला पैसा लागतो. शेळी पाळायला मोकळे रान आणि एक म्हातारे माणूस पुरते. उस्मानाबादी शेळी ही या भागातल्या भूमिहीन बाईची बँक आहे. बंदी झाली की पहिल्यांदा शेळ्या विकल्या जातात. दिवाळीनंतर येणाऱ्या धनगरांच्या मेंढ्यांनाही मग वाट उरत नाही. मेंढ्या शेतात बसवून शेतकऱ्याला खत मिळते आणि धनगराला धान्य किंवा पैसे, हा जुना व्यवहार. पण मेंढ्या शेतात रात्री बसतात, दिवसा चरायला त्यांना डोंगरच लागतो.

बाहेरच्या जगात या पेचाचे उत्तर वेगळ्या रीतीने शोधले गेले. फिजी बेटांच्या कोरड्या पश्चिम भागात गेल्या शतकात कॅरिबियन पाइनची मोठी लागवड झाली. हा उष्ण कटिबंधातला चीड वृक्ष. तिथला मोठा शत्रू गुरे नव्हती, वणवा होता. झाडांखालचे गवत माजते, वाळते आणि पेटते. म्हणून रोपांचे शेंडे गुरांच्या तोंडापलीकडे गेल्यावर त्याच लागवडीत गुरे सोडून गवत खाली ठेवण्याचे प्रयोग झाले. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्येही पाइनखाली गुरे चारली गेली. यामागचा हिशेब सोपा आहे. पहिली काही वर्षे गुरे आत नकोत, कारण रोपे तुडवली जातात. नंतर काही वर्षे गुरे उपयोगी, कारण गवत भरपूर असते. झाडांच्या माथ्यांनी सावली धरली की गवतच संपते, मग गुरांना तिथे काही मिळत नाही. म्हणजे चराईचा प्रश्न ‘हो की नाही’ असा नसून ‘केव्हा’ असा आहे.

आपल्या डोंगरावर पाइन नाही, सागाखाली किंवा गिरिपुष्पाखाली हा हिशेब जसाच्या तसा लागू होणार नाही. पण वणवा आपल्याकडेही आहे. बंद केलेल्या लागवडीत पावसाळ्यानंतर कमरेएवढे गवत वाढते. ते वेळेत कापले किंवा चारले नाही तर फाल्गुन-चैत्रात एका विडीचे काम. खाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते, कुठे गवताचा लिलाव करते. लिलाव बाहेरच्या व्यापाऱ्याने घेतला की गावाला त्याच गवताची पेंढी विकत घ्यावी लागते. आणि गवत जळाले तर ते पेटवल्याचा संशय पुन्हा गुराख्यावर.

आपल्या नियमांतही नवीन लागवड काही वर्षे बंद ठेवून मग खुली करावी, ही कल्पना आहेच. १६ मार्च १९९२ च्या शासन निर्णयाने संयुक्त वनव्यवस्थापन आले, तेव्हा गावाच्या समितीला गवताचा वाटा देण्याची भाषाही आली. मी पायी फिरून पाहिलेल्या लागवडींमध्ये ‘चराईस मनाई’ असे फलक पुष्कळ दिसले. बंदी कधी उठणार हे लिहिलेला एकही दिसला नाही. रोपे मेली की त्याच जागी पुन्हा लागवड होते, आणि बंदीची वर्षे पहिल्यापासून मोजायला सुरुवात होते. पन्नाशीतला एक गुराखी मला म्हणाला, “साहेब, आमच्या बापानं बी हा डोंगर बंदच बघितला अन्‌ आमी बी. झाडं मात्र अजून लहानच हायेत.”

पावतीचे मोल

आता दप्तराकडे परत येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत आहे. एका जागी राहणाऱ्यांचाही आणि फिरस्त्या पशुपालकांचाही. गौताळा-औट्रामघाटसारख्या अभयारण्यालाही (घोषणा १९८६ ची, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर) हा कायदा लागू आहे. वन्यजीव कायद्यातही अभयारण्यातली चराई नियमांखाली आणता येते, राष्ट्रीय उद्यानासारखी ती सरसकट निषिद्ध नाही. पण आदिवासी नसलेल्यांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवायचे आहे. म्हणजे १९३० च्या मागे जायचे. फसली सालात १३४० च्या मागे.

मुंबई इलाख्यातल्या गावाला यासाठी इंग्रजी आणि मराठी कागद मिळतात. मराठवाड्यातल्या धनगराला, बंजाऱ्याला, गवळ्याला आपल्या आजोबाच्या चराईचा पुरावा शोधायचा तर तो शिकस्ता उर्दूत लिहिलेला असतो आणि वाचणारा तालुक्यात सापडत नाही. मी उर्दू लिपी चाळिशीनंतर शिकलो ती हौसेने. आता तिचा उपयोग काही लोकांच्या पेटीतले कागद वाचण्यासाठी होतो. बहुतेक कागद जमिनीचे, लग्नाच्या देण्याघेण्याचे असतात. क्वचित त्यात जनावरांची संख्या आणि भरलेली रक्कम लिहिलेला चिठोरा निघतो. ज्या कराविरुद्ध आजोबा कुरकुरले, बंड झाले, सत्याग्रह झाले, त्या कराची पावती आज नातवाच्या हक्काचा आधार होऊ शकते. कर घेतला याचा अर्थ चराई होती आणि ती राज्याला माहीत होती. नियमांनुसार गावातल्या वृद्धांचे जबाबही पुरावा म्हणून चालतात. पण ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. दोन्हींना फार पैसा लागत नाही. पहिली, मराठवाड्यातल्या जिल्हा आणि तालुका अभिलेखागारांत निजामकालीन जंगल महसुलाचे जे कागद उरले आहेत, त्यांची निदान यादी तरी उर्दू जाणणाऱ्यांकडून करून घ्यावी. जमिनीच्या कागदांना भाव आहे म्हणून ते जपले जातात. चराईच्या कागदांचा भाव अजून कोणाला कळलेला नाही. दुसरी, डोंगरावर किंवा गायरानावर लागवड करताना लावल्या जाणाऱ्या फलकावर दोन तारखा असाव्यात, बंदी कधीपासून आणि बंदी कधीपर्यंत. दुसरी तारीख ग्रामसभेत ठरावी, आणि त्या सभेत शेळ्या राखणारी बाई बसलेली असावी. तिला पाच वर्षे थांब म्हटले तर ती थांबेल, पोटाची दुसरी तजवीज करेल. कायम थांब म्हटले तर ती रात्री शेळ्या आत घालेल, आणि मग रोपेही जगणार नाहीत.